विशेष शाळेने विद्यार्थ्यांना काम शिकवण्यासाठी स्वतःचा छोटा व्यवसाय चालवावा का? (बेळगाव परिसर)

होय, चालवावा, परंतु तो वार्षिक प्रदर्शनापुरता न राहता रोजची गिऱ्हाइके असलेला असावा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला वर्गात खोट्या नोटांनी हिशेब शिकवता येतो, पण समोर गिऱ्हाईक ताटकळत असताना सुटे पैसे परत देणे, चूक झाल्यास ती सांगणे आणि काम वेळेवर पुरे करणे या गोष्टी खऱ्या विक्रीतूनच अंगवळणी पडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम १९ नुसार व्यावसायिक प्रशिक्षण आणि स्वयंरोजगारासाठी योजना आखणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

खानापुरात कुंभारकामाची आणि शहापूर-वडगावात विणकामाची परंपरा असल्याने शिकवणारे कारागीर जवळच मिळू शकतात. तरीही शाळांनी मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या बनवण्यावरच का थांबायचे, हे मला उमगत नाही. कामाचे लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे चित्र भिंतीवर लावावे. इथले गिऱ्हाईक कन्नड बोलेल किंवा मराठी, म्हणून किंमत सांगण्याची वाक्ये दोन्ही भाषांत घोटून घ्यावीत. मोबदला विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावा आणि हिशेबाची वही पालकांना कधीही पाहता यावी.