गुणांक ०.९८, तरी मीटर जुळलं का?

प्रश्न : ४० पेशंटची साखर एकाच वेळी ग्लुकोमीटरवर आणि लॅबच्या अ‍ॅनालायझरवर मोजली. सहसंबंध गुणांक ०.९८ आला, जोडीच्या टी-टेस्टमध्येही फरक निघाला नाही. दोन्ही पद्धती जुळतात असं अहवालात लिहावं का?

उत्तर : एवढ्यावर मुळीच लिहू नका. मीटर दर वेळी २० मिग्रॅ/डेसिलिटर जास्त दाखवत असेल, तरी गुणांक १ येईल. आकडे एका रेषेत आहेत एवढंच तो सांगतो, सारखे आहेत असं नाही. त्यात ७० पासून ३५० पर्यंतचे पेशंट घेतले की तो आपोआप फुगतो. टी-टेस्ट तर फक्त सरासरी बघते: निम्म्यांत ३० जास्त, निम्म्यांत ३० कमी आलं की फरक शून्य! मीटर जितकं बेभरवशाचं, तितकं त्यातून सुटणं सोपं.

संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेली रीत वापरा. प्रत्येक पेशंटचा ‘मीटर वजा लॅब’ हा फरक उभ्या अक्षावर, दोन्ही आकड्यांची सरासरी आडव्या अक्षावर घ्या. समजा फरकांची सरासरी ६ आणि प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ९ आलं. ६ मधून १.९६ × ९ वजा करा, मग मिळवा: −११.६ ते +२३.६. साधारण ९५ टक्के फरक या पट्ट्यात पडतात. ४० पेशंटवर या कडाही पक्क्या नसतात. वरची कड १९ ते २८ मध्ये कुठेही असू शकते. म्हणून शक्य असेल तर १०० पेशंट घ्या. एकाच पेशंटची दोन रीडिंग दोन पेशंट म्हणून मोजू नका.

साखर वाढेल तसे ठिपके फाकत गेले, तर फरक टक्क्यांत काढा.

पट्टा चालेल की नाही, हे आकडेशास्त्र ठरवत नाही. मर्यादा मोजणीआधीच लिहून ठेवा. ग्लुकोमीटरसाठीचं आयएसओ १५१९७ हे २०१३ चं आंतरराष्ट्रीय मानक १०० च्या खाली ±१५ मिग्रॅ आणि १०० पासून पुढे ±१५ टक्के मागतं, तेही ९५ टक्के रीडिंगमध्ये.

नमुन्याकडेही बघा. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात, ताशी ५ ते ७ टक्के. तासाभरात २०० चे १८८ होतात आणि दोष मीटरवर जातो. हे थांबवायला राखाडी बुचाच्या ट्यूबमध्ये असलेलं फ्लोराइडही लगेच काम करत नाही, त्यामुळे प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) लवकर वेगळा करा. जेवणानंतर बोटाच्या रक्तात शिरेपेक्षा साखर मुळातच जास्त असते. तुलना उपाशीपोटीच करा.