वाचक विचारतात : मिरजेत उतरायचं की पुण्यात?

प्रश्न : आमच्या घरात एक जुना वाद आहे. बाबा म्हणतात, मुंबईला जाताना बेळगावची गाडी मिरजेत सोडावी लागे. आजोबा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले, 'गाडी बदलायची ती पुण्यात.' चुकतंय कोण? आणि बेळगाव स्टेशन तरी नक्की किती जुनं?
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, दोघंही खरंच सांगतात. आजोबांच्या उमेदीत बेळगाव ते पुणे सगळा मार्ग मीटरगेज होता. दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. मुंबई-पुणे मात्र ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. एकीकडचा डबा दुसरीकडे चालणार कसा? म्हणून पुण्यात उतरा, वळकट्या उचला आणि दुसरी गाडी गाठा. १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज मिरजेला आणि पुढे कोल्हापूरला पोचलं, तशी उतरायची जागा मिरजेवर आली. मिरज ते लोंढा हा आपला तुकडा मात्र १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजवरच राहिला. तुमचे बाबा त्या मधल्या काळातले प्रवासी.

मीही त्यातलाच. माझे वडील बेळगावच्या मालधक्क्यावर हमालांचे मुकादम होते आणि आत्या दादरला. दर दिवाळीला मिरजेची ती कसरत ठरलेली. माझ्या हातात फिरकीचा तांब्या, थोरल्या भावाकडे वळकटी, आणि आत्यासाठी नेलेल्या कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा, डबा आईच्या मांडीवर. एका वर्षी उतरायच्या घाईत कुंदा फळीवरच राहिला. तो बेळगावच्या वाटेला लागला आणि आम्ही दादरला. 'डब्यात डबा राहिला' असं वडील पुढे वर्षभर येईल त्याला सांगत होते. आत्या काही बोलली नाही, पण चहाबरोबर त्या वर्षी नुसती बिस्किटं आली.

माणूस निदान आपल्या पायांनी गाडी बदलतो, पोत्याला कुठले पाय? खत, सिमेंट, धान्य ब्रॉडगेजच्या मोठ्या वाघिणीतून, म्हणजे मालाच्या डब्यातून, मीटरगेजच्या लहान वाघिणीत हमालांच्या पाठीवरूनच जायचं. दोनदा चढलेलं-उतरलेलं पोतं शिवणीवर उसवायचं. आमचे वडील धक्क्यावर आलेल्या पोत्याच्या शिवणीवरून आधी हात फिरवत, मगच पावती बघत. गेज म्हणजे काय हे मला शाळेत कळलं नाही, त्यांच्या त्या हातावरून कळलं.

आता स्टेशनचं वय. साल १८८७. लोंढ्याकडून निघालेले रूळ तुमच्या खानापुरातून त्या साली बेळगावात आले आणि १८९० मध्ये पुण्यापर्यंत मार्ग सलग झाला. इथं गाडी आली ती साहेबांच्या पलटणीसाठी, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. कॅम्पाला सोय झाली हे खरं, पण मूळ कारण दुष्काळ. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी या भागांत धान्य पोचवायला बैलगाडीखेरीज साधन नव्हतं, आणि चारा नाही म्हटल्यावर गाडीचे बैलच मरू लागले. बंदरात धान्य उतरलं तरी घाटावर येणार कशावर? १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्ग वाढवा म्हणून सांगितलं, त्यामागे हा अनुभव होता.

त्याआधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. आंबोली घाटातून बैलगाड्यांच्या रांगा चालत. १८८८ मध्ये गोव्यातला पोर्तुगीज हद्दीतला मार्ग घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला येऊन मिळाला आणि माल गोव्यातल्या मुरगाव बंदराकडे वळला. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांना ही गाडी महागात पडली.

प्रश्न : बेळगावला रेल्वे आणणाऱ्या कंपनीचं नाव 'सदर्न मराठा रेल्वे' होतं म्हणे. ती मराठ्यांची होती का?
– एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : नाही रे बाबा. १८८२ मध्ये लंडनला नोंदलेली कंपनी ती, इकडची मुख्य कचेरी धारवाडात. बेळगाव-धारवाडचा मुलूख आणि मिरज, सांगली, जमखंडीसारखी पटवर्धनी संस्थानं मिळून जो टापू होतो त्याला इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत. नाव तिथून आलं. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळून 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे, १९६६ मध्ये दक्षिण मध्य, आणि २००३ पासून हुबळी मुख्यालय असलेली नैर्ऋत्य रेल्वे. गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी बेळगावी झालं. आमच्या तोंडात अजून बेळगावच. तिकीट मिळतं त्यावर.

प्रश्न : बेळगाव स्टेशनची नवी इमारत झाली. जुन्या स्टेशनचं आता बघण्यासारखं काय उरलं?
– टिळकवाडीतून एक वाचक

उत्तर : सुमारे १९० कोटी खर्चून केलेल्या नव्या स्टेशनचं उद्घाटन २७ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच दिवशी लोंढा ते घटप्रभा दुहेरी मार्गाचंही. इमारत स्वच्छ आहे, सरकते जिने आहेत, माझ्या गुडघ्यांची तक्रार नाही. पण जुनं बघायचं तर स्टेशनात जाऊच नका, तुमच्या दारातल्या काँग्रेस रोडवर या.

हा रस्ता रुळाच्या कडेकडेने जातो. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष, आणि ते अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी अधिवेशनासाठी खोदवलेली विहीर अजून आहे. रस्त्याला नाव तेव्हापासूनचं. रूळ मात्र त्याहून सदतीस वर्षांनी जुने. रुळांची रुंदी बदलली, शेजारी दुसरी जोडी आली, पण वाट तीच. जुनं गाव एका अंगाला आणि टिळकवाडी दुसऱ्या अंगाला, ही आपल्या शहराची फाळणी रुळांनी केली आहे. कपिलेश्वरचा पूल, गोगटे सर्कलचा पूल, तिसऱ्या गेटचा पूल, सगळी उठाठेव त्याच रेघेवरून पलीकडे जायची. आणि पत्ता सांगतानासुद्धा आपण काय म्हणतो? पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. स्टेशनकडून खानापूरच्या दिशेने मोजलेली फाटकं.

दुसऱ्या गेटला फाटक पडलं की लोक हॉर्न वाजवतात. मी स्कूटर बंद करून डबे मोजतो. परवा बावीस भरले.