वाचकांचे प्रश्न : फिटचा फोटो नेमका कधीचा?

प्रश्न (कोथरूड) : आमच्या ७ वर्षांच्या मुलीला पहाटे झोपेत फिट येते. तोंड एका बाजूला ओढलं जातं, लाळ गळते, मिनिटभरात थांबतं. दोनदा ईईजी केला, दोन्ही वेळा ती जागी होती, दोन्ही नॉर्मल. आता तिसरा, झोपेतला सांगितलाय. त्यापेक्षा मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा फंक्शनल एमआरआय थेट करून टाकावा का?

उत्तर : नाही, आणि कारण तुमच्या प्रश्नातच आहे. ईईजी मेंदूतली वीज टिपतो, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. फंक्शनल एमआरआयला वीज दिसत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथं प्राणवायूचं ताजं रक्त जास्त येतं, तो फरक त्याला दिसतो. हे रक्त मागून येतं, साधारण ५-६ सेकंदांनी भरात असतं. म्हणून अपस्मारासाठी, म्हणजे फिटच्या आजारासाठी, हा स्कॅन करताना डोक्यावर ईईजीच्या ताराही लावतात, आणि प्रत्येक स्पाइकनंतर (ईईजीत उठणारी फिटच्या आजाराची टोकदार लाट) रक्त कुठं वाढलं ते संगणकाकडून शोधून घेतात. ईईजीत स्पाइकच नसेल तर शोधायचं कशाच्या आधारावर? शिवाय मूल दोन-तीन मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडतं.

तुम्ही वर्णन केलेल्या फिट या वयात बऱ्याचदा अशा एका सौम्य प्रकारात दिसतात, ज्यात जागेपणी ईईजी स्वच्छ असू शकतो आणि झोप लागली की स्पाइक भराभर वाढतात. डॉक्टरांना बहुधा तेच पाहायचंय. तेव्हा खर्च न वाढवता हा तिसरा ईईजी नीट होऊ द्या.

आदल्या रात्री केस शाम्पूनं धुवा, नंतर तेलाचा थेंबही नको. तेलकट केसांवर पेस्ट धरत नाही, तार सुटत राहते आणि पडद्यावर ज्या लाटा उठतात त्या मेंदूच्या नसतात. केंद्रानं वेगळं सांगितलं नसेल तर रात्री उशिरा झोपवून पहाटे चारच्या सुमारास उठवा, म्हणजे तपासणीच्या वेळी झोप लागेल. सकाळचं औषध आणि नाश्ता चुकवू नका. सगळ्यात जास्त घोळ होतो तो वाटेत. कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला गाडीत पंधरा मिनिटांची डुलकी लागली की रात्रभराची मेहनत पाण्यात गेली म्हणून समजा. मागच्या सीटवर एकानं तिच्याशी बोलत बसावं. स्कूटरवर तर आणूच नका, अपुऱ्या झोपेनं फिट येऊ शकते. झोपेचं औषध द्यायची वेळ आलीच तर ते केंद्रावर आणि सांगतील तेच. काही औषधं ईईजीवर आपल्याच बारीक लाटा उमटवतात.

प्रश्न (भोर) : मुलगा ११ वर्षांचा. दोन औषधं पुऱ्या डोसात देऊनही आठवड्याला तीन-चार फिट येतात. एमआरआय नॉर्मल. शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी व्हिडिओ ईईजीसाठी (ईईजी आणि कॅमेरा एकत्र) भरती करून, औषधं कमी करून, फिट चालू असतानाच इंजेक्शन देऊन 'स्पेक्ट' (मेंदूत रक्त कुठं जास्त जातं ते दाखवणारा स्कॅन) करायचा म्हणतात. फिटची अशी मुद्दाम वाट बघायची?

उत्तर : हो, कारण या तपासणीची सगळी किंमत त्या काही सेकंदांत आहे.

योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसात देऊनही फिट थांबल्या नाहीत तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अशा वेळी फिट नेमकी कुठून निघते हे शोधणं रास्त आहे. एमआरआय नॉर्मल म्हणजे तिथं काही नाहीच, असं नव्हे. मेंदूच्या सालीतली, म्हणजे बाहेरच्या थरातली, जन्मजात छोटी गडबड जाड कापांच्या साध्या एमआरआयमध्ये निसटते. तो अपस्मारासाठीच्या पद्धतीनं, १ मिलिमीटरच्या सलग कापांनी काढलाय का, हे आधी विचारा.

आता इंजेक्शन. त्यात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं रसायन असतं. रक्त जिथं जास्त वाहतं तिथं ते जास्त जातं आणि एक-दोन मिनिटांत पेशींत अडकून बसतं, तिथून हलत नाही. त्यामुळे फिटमध्ये मूल कितीही हललं तरी बिघडत नाही. फिट थांबवून, मुलाला शांत करून तास-दोन तासांनी स्कॅन केला तरी फोटो इंजेक्शनच्या क्षणाचाच निघतो.

पण तो क्षण पकडणं सोपं नाही. फिट सुरू झाल्यापासून २०-३० सेकंदांच्या आत औषध शिरेत जायला हवं, वर हातापासून मेंदूपर्यंत पोचायला आणखी काही सेकंद. उशीर झाला तर फिट पसरून दुसऱ्याच भागात गेलेली असते आणि तोच भाग उजळतो. आणखी उशीर झाला तर उलटच होतं : मूळ जागेचं रक्त ओसरून ती काळवंडलेली दिसते. १०-१५ सेकंदांतच संपणाऱ्या फिटसाठी म्हणून ही तपासणी फारशी कामाची नाही. टेक्नेशियमची ताकद दर ६ तासांनी निम्मी होते. सकाळी भरलेली सिरिंज दुपारी तेवढीच टोचून चालत नाही, मात्रा वाढवावी लागते, आणि दिवसभरात फिट आलीच नाही तर ती वाया जाते.

एका चित्रावर भागतही नाही. किमान २४ तास फिट नसताना दुसरा स्कॅन करतात, पहिल्यातून दुसरा वजा करतात आणि उरलेला फरक एमआरआयवर बसवतात. त्यावरून जागा कळते.

वॉर्डात तुमचं काम मोठं आहे. फिटची चाहूल यंत्राआधी बऱ्याचदा आईलाच लागते : नजर थिजते, हात शर्टाशी चाळा करू लागतो. त्या क्षणी बटण दाबा आणि मोठ्यानं 'आली' म्हणा. पांघरूण बाजूला करा, कॅमेरा आणि मुलाच्या मध्ये उभं राहू नका, सुई असलेला हात दाबून धरू नका. तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवणं तर अजिबात नको. औषधं कमी करणं फक्त वॉर्डात, शिरेत सुई आणि शेजारी नर्स असतानाच. घरून आदल्या दिवशी गोळी बंद करून आणलंत तर वाटेतच लांबलेली फिट येण्याचा धोका असतो.

इंजेक्शननंतर त्याला पाणी भरपूर द्या आणि लघवी वारंवार करू द्या. घरातल्या गरोदर बाईनं आणि तान्ह्या बाळानं त्या दिवशी जवळ बसू नये. किरणोत्सर्ग थोडा असतो, पण असतो. म्हणून ही तपासणी शस्त्रक्रियेचा विचार असलेल्यांसाठीच.

प्रश्न (हडपसर) : पेट स्कॅन आणि स्पेक्ट दोन्ही सांगितलेत. दोन्हीत रक्तप्रवाहच दिसतो ना? मग एक गाळता येईल?

उत्तर : अपस्मारात नेहमी होणारा पेट रक्त नव्हे, साखर दाखवतो. फिट नसताना दोषी भाग साखर कमी खातो आणि फिका दिसतो. हा फिका पट्टा खऱ्या जागेपेक्षा बहुधा मोठा असतो, म्हणजे वाडा कळतो, खोली नाही. खोलीसाठी स्पेक्ट. पेट आणि ईईजी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर स्पेक्ट टळूही शकतो, विचारून पाहा.

पेटसाठी ४ ते ६ तास उपास, साधं पाणी चालतं. इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास अंधाऱ्या खोलीत, मोबाइलशिवाय पडून राहायचं. त्या वेळात आलेली बारीकशी फिटसुद्धा चित्र फिरवते, फिका भाग उजळ दिसू लागतो. म्हणून तेवढा वेळ ईईजी लावा म्हणावं. मूल कीटो आहारावर (चरबी जास्त, साखर-पिष्ट अगदी कमी) असेल तर ते आधी सांगा. आणि वेळेवर पोचा, पेटच्या किरणोत्सारी द्रव्याची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते.

प्रश्न (पिंपरी) : ६ वर्षांची मुलगी वर्गात क्षणभर हरवल्यासारखी होते. ईईजीत सेकंदाला ३ लाटा आल्या. जाऊबाई म्हणतात, पेट करून घ्या.

उत्तर : नको. या प्रकारात फिट एका ठिपक्यातून निघत नाही, मेंदूच्या दोन्ही बाजू एकदम सामील होतात. वर्णन आणि ईईजी असे ठरावीक असतील तर एमआरआयचीही सहसा गरज पडत नाही. औषध मात्र नेमकंच हवं. घरात दुसऱ्या कुणाला फिटसाठी चालू असलेली कार्बामाझेपिनची गोळी हिला देऊन पाहू नका, त्या गोळीनं या फिट वाढू शकतात.