पारंपरिक ब्लूग्रासचा कौटुंबिक अल्बम: सगळी गाणी सारखीच का वाटतात, आणि ऐकायचं तरी काय?

तुमचा प्रश्न असा आहे: भावाने नॉर्थ कॅरोलिनाहून एका कौटुंबिक बँडचा पारंपरिक ब्लूग्रास (बँजो, मेंडोलिन, गिटार अशा तारवाद्यांवर वाजणारं अमेरिकी लोकधाटणीचं संगीत) अल्बम पाठवला, तीन-चारदा ऐकूनही गाणी एकसारखीच वाटली. दर्दी मंडळी यात ऐकतात काय, आणि बँड खरंच तयारीचा आहे की नुसताच हौशी, हे ओळखायचं कसं?

फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर आधी ते बंद करा आणि बरे हेडफोन लावा. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. ठेका दोन वाद्यांत वाटलेला असतो: पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला उभा बास (माणसाएवढं खर्जाचं तारवाद्य), दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मेंडोलिनचा ‘चॉप’. बासची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि तो पट्टा फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. मग अर्धा ठेका गळतो, मागे उरते ती बँजोची किणकिण. प्रत्येक गाण्यात तीच किणकिण ऐकू आल्यावर सगळं सारखं वाटणारच.

सारखेपणाचं दुसरं कारण खरंखुरं आहे. बहुतेक गाणी तीनच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर) चालतात: सा, म आणि प यांच्यावर उभे असलेले. वाद्यंही ठरलेली. केंटकीच्या बिल मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडमध्ये डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवायची शैली घेऊन आला. गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स आणि मेंडोलिनवर स्वतः मन्रो. १९४६-४७ मध्ये या पाच जणांनी जे ध्वनिमुद्रित केलं, त्यालाच आज ‘पारंपरिक’ म्हणतात. म्हणजे परंपरा फार जुनी नाही, पण तिची चौकट घट्ट आहे. चौकट बदलत नाही, म्हणून लक्ष तपशिलाकडे द्यायचं.

पहिला तपशील चॉपचा. वादक डाव्या हाताने तारांच्या चारही जोड्या दाबून कॉर्ड धरतो, उजव्या हाताने झटका मारतो आणि लगेच डाव्या बोटांचा दाब सैल करतो. बोटं तारांवरच राहतात, पण स्वर तिथल्या तिथे मरतो. दाब लवकर सुटला तर नुसता ‘खट्’ येतो, त्यात सूर नसतो. उशिरा सुटला तर स्वर लांबतो आणि पुढच्या बासच्या ठोक्यावर चिकटतो. चांगला चॉप सुरेलही असतो आणि कोरडाही. सोलो कुणाचाही चालू असो, एक अख्खं गाणं फक्त चॉपकडे कान देऊन ऐका. लय पळतेय की रेंगाळतेय ते तिथेच कळतं. सोलो जोरदार आणि चॉप डळमळीत असेल, तर माझ्या लेखी तो बँड कच्चा.

बँजोत नुसता वेग मोजू नका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालतात, आणि आठ स्वरांची रचना बहुधा ३+३+२ अशी पडते. आपल्या कानाला कहरव्याच्या आठ मात्रा ओळखीच्या आहेत. त्यावर ही तीन-तीन-दोनची विभागणी टाकून पाहा, म्हणजे ती ओढ कुठून येते ते समजेल. पाचवी आखूड तार पाचव्या पडद्यापाशी सुरू होते आणि सतारीच्या चिकारीसारखी मध्येमध्ये वाजत राहते. बासचे १२० ठोके मिनिटाला धरले, तर बँजोचे सेकंदाला आठ स्वर होतात. वेग एवढा असूनही गाण्याची चाल त्या स्वरांतून सुटी ऐकू आली पाहिजे. ती हरवली आणि नुसती सरबत्ती उरली, तर वादकाने पॅटर्न पाठ केलाय, गाणं नाही.

आता गळे. कौटुंबिक बँडचा खरा माल इथे आहे. तीन आवाजांची नावं लीड, टेनर आणि बॅरिटोन. मूळ चाल लीडची. लीड सा वर असेल तर टेनर वरच्या ग वर आणि बॅरिटोन खालच्या प वर असतो. लीड ग वर गेला की टेनर प वर, बॅरिटोन सा वर. टेनर सर्वांत वर असल्याने नवख्या कानाला तीच मुख्य चाल वाटते आणि गाणं विचित्र भासतं. कडव्यात लीड एकटा गातो, तिथे चाल पकडून ठेवा. धृपदात तीच चाल मधल्या आवाजात शोधा. काही बँड ही रचना मुद्दाम फिरवतात. १९४०च्या दशकाअखेरीस व्हर्जिनियाच्या स्टॅन्ली बंधूंनी बॅरिटोनचा भाग उचलून टेनरच्याही वर नेला, आणि तो ताणलेला, एकाकी सूर पुढे त्यांची ओळख झाला.

एकाच घरातले गळे एकत्र का मिसळतात? आवाजाची जात मिळते, पण तेवढंच नाही. एका घरात वाढलेली माणसं ‘आ’, ‘ए’ सारखेच उघडतात आणि शब्द एकाच क्षणी सोडतात. शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘ट’ येतो तिथे कान ठेवा. एकच ‘ट’ आला तर घराणं तयारीचं. ‘ट-ट-ट’ असा खडखडाट झाला तर आडनाव एक असून काही उपयोग नाही. दुसरी परीक्षा ग ची. गळ्यातला नैसर्गिक शुद्ध ग गिटारच्या पडद्यावरच्या ग पेक्षा १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. जुळलेले गळे लांब स्वरावर त्या खालच्या ग वर विसावतात आणि सूर एकदम स्थिर होतो. प्रत्येक स्वर संगणकावर ओढून सरळ केला असेल तर तो विसावा मिळत नाही.

पट्टीही बघा. बँजोला पांढरी पाच सोयीची, पण पुरुष गायक आवाज ताणण्यासाठी मुद्दाम काळी पाच किंवा पांढरी सात घेतात. पांढरी सातसाठी बँजोवाला चौथ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो. आखूड तार मात्र कॅपोखाली येत नाही. म्हणून नवव्या पडद्यापाशी खेळण्यातल्या रेल्वेरुळाचा इवला खिळा ठोकलेला असतो, त्याखाली ती अडकवतात. कॅपोच्या दाबाने तारा थोड्या चढतात, तेव्हा पुन्हा सुरात लावाव्या लागतात. घाईत हे राहिलं की बँजो अख्खं गाणं किंचित चढा वाजतो.

काही बँड अजून एकाच माईकभोवती उभे राहून वाजवतात. ब्लूग्रास गायक डेल मॅकॉरी आणि त्यांचे दोन मुलगे, मेंडोलिनवर रॉनी आणि बँजोवर रॉब, यासाठी प्रसिद्ध आहेत. गायक माईकपासून हातभर अंतरावर, बास मागे, आणि ज्याचा सोलो असेल तो पुढे सरकून परत मागे जातो. आवाजाचा समतोल पायांनी साधायचा असतो. सोलोवाला अर्धा सेकंद उशिरा पोहोचला तर त्याचे पहिले दोन-तीन स्वर दबतात, आणि सगळं एकाच ट्रॅकवर असल्याने ते नंतर वर काढता येत नाहीत. बास पातळ येतो म्हणून स्टुडिओत त्याला बऱ्याचदा वेगळा माईक देतात, त्यात काही वावगं नाही.

शेवटी सीडीसोबतची पुस्तिका काढा आणि श्रेयनामावली वाचा. एकाच मुलाच्या नावापुढे मेंडोलिन, फिडल आणि गिटार अशी तिन्ही वाद्यं एकाच गाण्यासाठी दिसली, किंवा लीड आणि टेनर दोन्हीपुढे एकच नाव असलं, तर ते थर वेगवेगळ्या वेळी चढवलेले आहेत. वाईटच असेल असं नाही, पण एकत्र श्वास घेऊन गाणं ते नव्हे. त्यानंतर अल्बममधलं भक्तिगीत शोधा. त्यात पुष्कळदा बँजो गप्प असतो, फक्त गिटार, मेंडोलिन, बास आणि चौथा खर्जाचा गळा. मी असा अल्बम हाती आला की सुरुवात तिथूनच करतो. लपायला जागा नसते.