उच्च शिक्षण सहसंचालकांचं महाविद्यालयांवर नेमकं किती नियंत्रण असतं? त्यांच्याकडे तक्रार केली तर कॉलेजची मान्यता जाते का?

नाही, जात नाही. कॉलेजला संलग्नता देणं आणि काढून घेणं हे विद्यापीठाचं काम आहे. त्यासाठी आधी नोटीस निघते, संस्थेचं उत्तर घेतलं जातं आणि मग विषय विद्यापीठाच्या प्राधिकरणांपुढे जातो. सहसंचालक, म्हणजे उच्च शिक्षण संचालनालयाचे विभागीय अधिकारी, फार तर विद्यापीठाला अहवाल पाठवतील. संस्थेला स्वतःहून कॉलेज बंद करायचं असेल तर मात्र शासनाची पूर्वपरवानगी लागते, आणि तेही टप्प्याटप्प्यानेच करता येतं. आधी पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबतात, आत असलेल्या मुलांचं शिक्षण पूर्ण होऊ द्यावं लागतं.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ‘सहसंचालक म्हणजे नुसतं पगारबिलं काढणारं ऑफिस, खरी सत्ता विद्यापीठाची.’ हे वाक्य मी संस्थाचालकांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि त्यापायी माणसांचे पगार अडकलेले पाहिलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्राध्यापकाच्या नेमणुकीत विद्यापीठ माणूस तपासतं, सहसंचालक पद तपासतात. उमेदवाराची नेट-सेट किंवा पीएचडी आहे का, जाहिरात नियमाने निघाली का, निवड समितीत कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ होते का, एवढं पाहून विद्यापीठ वैयक्तिक मान्यतेचं पत्र देतं. ज्या खुर्चीवर तो माणूस बसलाय ती खुर्ची शासनाच्या पैशाची आहे का, हे विद्यापीठ विचारत नाही. सहसंचालक पहिल्यांदा तेच विचारतात, कारण अनुदानित कॉलेजचा पगार कोषागारातून निघतो.

माझ्या माहितीतल्या एका ग्रामीण कॉलेजचं प्रकरण सांगतो. अनुदानित कला शाखा, राज्यशास्त्र विभाग, दोन पूर्णवेळ प्राध्यापक. संस्थेला तिसरं पद हवं होतं. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला 16 घड्याळी तास. तासिका 48 मिनिटांची धरली तर त्याच्या 20 तासिका होतात. कॉलेजने वेळापत्रक जोडून विभागाच्या 60 तासिका दाखवल्या, म्हणजे सरळ तीन पदं. पद भरायला शासनाची ना हरकत मिळाली, जाहिरात आली, मुलाखती झाल्या, उमेदवार रुजू झाला, विद्यापीठाचं मान्यतापत्रही आलं. संस्थेत पेढे वाटले गेले.

मग वेतननिश्चितीचा प्रस्ताव सहसंचालक कार्यालयात गेला आणि एका ओळीच्या त्रुटीसह परत आला: ‘विनाअनुदानित तुकडीचा कार्यभार वगळून सुधारित तक्ता सादर करावा.’ प्रथम वर्षाच्या दोन तुकड्यांपैकी ‘ब’ तुकडी विनाअनुदानित होती. तिच्या 6 तासिका वजा केल्यावर 54 उरल्या. त्यात 20 च्या हिशेबाने दोन पूर्ण पदं बसतात, ती आधीच भरलेली होती. शिल्लक 14 तासिका ‘तासिका तत्त्वा’वर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन देऊन शिकवून घ्यायच्या, ज्याला आपण सीएचबी म्हणतो. तिसरं पद उभंच राहत नाही. कार्यभाराच्या तक्त्यात तुकडीचा प्रकार लिहायला रकानाच नव्हता, आणि खाली प्राचार्यांची सही-शिक्का होता.

अध्यक्षांचं म्हणणं, ‘विद्यापीठाने मान्यता दिलीय, हे अडवणारे कोण?’ त्यांनी मंत्रालयापर्यंत पत्रं लिहिली. कुठल्याच पत्रात त्या 6 तासिकांचा उल्लेख नव्हता. संस्थेने त्या प्राध्यापकाला काही महिने निम्मा पगार दिला, पुढे तोही थांबला. शेवटी विभागप्रमुख निवृत्त झाले. ते रिक्त पद भरायला पुन्हा ना हरकत, पुन्हा बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं हे ठरवणारी नोंद), पुन्हा जाहिरात. त्याच माणसाने पुन्हा मुलाखत दिली आणि त्याची निवड झाली. मधल्या वर्षांचा पगार शासनाकडून त्याला मिळाला नाही. अडवणूक सहसंचालकांनी केली असं त्या संस्थेत आजही सांगतात. माझ्या मते मुख्य दोष संस्थेचा आहे. ना हरकत देताना तपासणी कच्ची झाली हे खरं, पण चुकीचा तक्ता कॉलेजने दिला होता.

तुम्ही कॉलेजच्या कार्यालयात असाल किंवा उमेदवार असाल, तर जाहिरातीच्या आधी एवढं पाहून घ्या. कार्यभार एकेका माणसाचा नाही, विभागाचा बेरजेत मोजला जातो. तक्त्यात अनुदानित आणि विनाअनुदानित असे वेगळे रकाने करा, प्रत्येक तुकडीच्या मान्यतेचं पत्र जोडा, विद्यार्थिसंख्या प्रत्यक्ष प्रवेशाची लिहा, मंजूर क्षमतेची नको. बिंदुनामावली विद्यापीठाच्या विशेष कक्षाकडून आणि विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतलेली हवी, आणि जाहिरातीतला प्रवर्ग त्या बिंदूशी तंतोतंत जुळायला हवा. ना हरकतीच्या पत्रात मुदत आणि अटी असतात. मुदत संपल्यावर घेतलेली मुलाखत पुढे हमखास अडते. निवड समितीच्या अहवालावर शासन प्रतिनिधींची सही प्रत्येक पानावर घ्या. उपस्थितीपत्रकावर सही आहे आणि गुणतक्त्यावर नाही, एवढ्यावरून प्रस्ताव परत आलेले आहेत. नावातला फरक हा आणखी एक हमखास खड्डा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत पहिल्याच दिवशी फायलीत लावा. आरक्षित पदावर जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, तक्रार. ती विषय पाहून करायची असते. प्रवेश रद्द केल्यावर फी परत मिळत नसेल तर यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) कोष्टक ठरलेलं आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी रद्द केला तर 100 टक्के, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90, तारीख उलटल्यावर 15 दिवसांच्या आत 80, 30 दिवसांच्या आत 50, पुढे काही नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. यासाठी आधी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या, तिथे दाद लागली नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जा. यूजीसीच्या 2023 च्या विनियमांत हाच क्रम आहे. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती अडकली असेल तर आधी योजना कोणाची ते बघा. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती बीए-बीकॉमच्या मुलांसाठी उच्च शिक्षण संचालनालयाकडे, अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती समाजकल्याणकडे. चुकीच्या दारात अर्ज दिला तर वर्ष त्यातच निघून जातं. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तिथे सहसंचालक काही करू शकत नाहीत. व्यवस्थापनाने सेवेतून काढलेल्या प्राध्यापकाने तक्रारअर्ज करत बसू नये, 30 दिवसांत विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात अपील दाखल करावं. ही मुदत लोक हमखास चुकवतात.

सहसंचालकांकडे न्यायच्या तक्रारी म्हणजे अनुदानाच्या: पगारबिलात न शिकवणाऱ्याचं नाव, दाखवलेली पण न चालणारी तुकडी, अनुदानित शिक्षकांकडून विनाअनुदानित वर्ग घेऊन दाखवलेला फुगीर कार्यभार. तिथे त्यांच्या हातात खरी कळ आहे. अनुदान रोखता येतं, अतिप्रदानाची, म्हणजे जास्त दिलेल्या पैशांची, वसुली लावता येते, पद नाकारता येतं. पगार थांबला की संस्था दोन दिवसांत कागद घेऊन हजर होते. संलग्नतेच्या नोटिशीला मात्र दोन-दोन वर्षं उत्तरं चालू असतात. म्हणून ‘नुसतं पगारबिलं काढणारं ऑफिस’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो की यापेक्षा मोठी सत्ता आणखी कोणती हवी?

सहसंचालक कार्यालयांचा कारभार निर्दोष आहे असं मात्र मुळीच नाही. फाइल पडून राहते, एक त्रुटी दूर केली की दुसरी निघते. यावर उपाय म्हणजे प्रस्ताव आवक क्रमांक घेऊनच द्यायचा, सगळ्या त्रुटी एकदम आणि लेखी मागायच्या, आणि महिनाभरात हालचाल नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाकून फाइल कोणत्या टेबलावर कधीपासून आहे ते विचारायचं. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा त्याआधीच फाइल हलते.

सहसंचालकांबद्दलचं वरचं सगळं कला, वाणिज्य, विज्ञानाच्या अनुदानित कॉलेजांना लागू आहे. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, वैद्यकीय वेगळ्या विभागाकडे. पूर्ण विनाअनुदानित कॉलेजवर सहसंचालकांची पकड फारच सैल असते, कारण रोखायला अनुदानच नसतं. खासगी विद्यापीठांचे कायदे आणखी निराळे. तुमचं कॉलेज यातलं कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळलं तर कोणत्या कार्यालयात जायचं हे नेमकं सांगता येईल.