‘स्पेसी’ला मराठीत ‘रोख’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या १७८६ च्या राजकारणावरचा मजकूर मराठीत आणताना ‘स्पेसी’ या शब्दाला ‘रोख’ आणि त्याच्या तुटवड्याला ‘चलनटंचाई’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. आज आपण खिशातल्या नोटांनाच रोख म्हणतो. ‘स्पेसी’ म्हणजे मात्र सोन्याचांदीचे नाणे, कागद नव्हे. आणि त्या राज्यातले सारे भांडण कागदाला पैसा मानायचे की नाही, यावरच होते.

इंग्लंडविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर विलायती मालाचे पैसे चुकवण्यात नाणे बाहेर गेले. सरकार कर मागत होते, सावकार देणे मागत होते आणि शेतकऱ्याच्या हाती नाणे नव्हते. १७८६ च्या वसंतात ‘कंट्री पार्टी’ निवडून आली आणि मे महिन्यात एक लाख पौंडांच्या नोटा काढून जमिनीच्या तारणावर कर्जाऊ दिल्या गेल्या. म्हणजे चलन भरपूर झाले, नाणे मात्र दुर्मिळच राहिले. इथे ‘चलनटंचाई’ लिहिले तर वाचक बुचकळ्यात पडेल. ‘नाणेटंचाई’ लिहावे.

पक्षाच्या नावातला ‘कंट्री’ म्हणजे देश नव्हे, गावाकडची माणसे. त्यामुळे ‘देश पक्ष’ नको. पहिल्यांदा ‘कंट्री पार्टी, म्हणजे गावाकडच्या शेतकऱ्यांचा पक्ष’ असे लिहून पुढे मूळ नाव ठेवावे. न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्सचे व्यापारी त्यांच्या विरोधात होते.

नोटांची किंमत उतरली, त्यासाठी ‘अवमूल्यन’ हा शब्द सुचवला गेला आहे. पण अवमूल्यन सरकार जाहीर करते. इथे नोट बाजारातच उतरली. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बट्टा. पेशवाईत नाना टाकसाळींचे रुपये चालत, तेव्हा सराफ कमअस्सल नाण्यावर बट्टा कापत. ‘नोटेला बट्टा बसला’ म्हटले की चित्र उभे राहते. ऱ्होड आयलंडने नोट दर्शनी किमतीला न घेणाऱ्यावर १०० पौंड दंड ठेवला, तरी बट्टा वाढतच गेला. न्यूपोर्टचा खाटीक जॉन वीडन याने मांसापोटी जॉन ट्रेव्हेटची नोट नाकारली. सप्टेंबरमध्ये खटला उभा राहिला, तेव्हा तो आपल्या अधिकारात येत नाही असे न्यायाधीशांनी सांगितले. विधिमंडळाने त्यांनाच जाब विचारायला बोलावले आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या बहुतेकांची फेरनिवड झाली नाही. ‘पक्षीय राजकारण’ हा ढोबळ शब्द मला इथे अपुरा वाटतो. ‘विधिमंडळाने न्यायालयावर राग काढला’ असे सरळ लिहावे.

राहिला ‘टेंडर’. यात बरेच जण फसतात, कारण आपल्या कानाला टेंडर म्हणजे निविदा. इथे मात्र टेंडर म्हणजे देणे फेडताना कायद्याने स्वीकारावेच लागणारे, म्हणजे विधिग्राह्य चलन. १७८७ च्या फिलाडेल्फियाच्या परिषदेला ऱ्होड आयलंडने प्रतिनिधीच पाठवले नाहीत. तिथे तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमाने राज्यांना अशा नोटा काढायला मनाई केली. त्यातच पुढे येणारी अट मराठीत अशी लिहावी: ‘कोणत्याही राज्याने सोन्याचांदीच्या नाण्याखेरीज दुसरे काहीही कर्जफेडीसाठी विधिग्राह्य ठरवू नये.’