नागपूरहून पुण्याला लॅपटॉप स्वस्तात आणि न फुटता कसा पाठवू?

विमा उतरवून स्पीड पोस्टने पाठवा, आणि खोक्यात खोका ठेवून पॅक करा. जुने लॅपटॉप दुरुस्त करून गावोगावी पाठवतो, त्यावरून सांगतो: स्क्रीन फुटते ती बहुतेक कोपऱ्यावर आपटून, म्हणून सहाही बाजूंनी किमान 5 सेंमी बबल रॅप हवा. चार्जर वेगळा गुंडाळा. तोच आत सुटा राहिला तर झाकणावर आदळतो. लॅपटॉप स्लीपवर नको, पूर्ण बंद करा, चार्जिंग निम्म्याखाली ठेवा (आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन माहीत आहेच). रिकामे खोके सीताबर्डीतल्या दुकानांत मागून बघा. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत (मुख्य पोस्ट ऑफिसात) नेताना बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो जवळ असू द्या. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र अजिबात पाठवू नका.